निवृत्तीसाठी गुंतवणुकीचा पोर्टफोलिओ: गोव्यातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली आणि म्हापसा या भागांतील निवृत्त आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मंडळींशी गेली काही वर्षे बोलताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. व्याजदर आणि कराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीस जाहीर करते, त्यामुळे पैसे गुंतवण्याच्या दिवशी टपाल कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा.

निवृत्तीसाठी नेमकी किती रक्कम पुरेशी असते?

हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात, परंतु त्याचे उत्तर रकमेपासून सुरू होत नाही, ते घरखर्चापासून सुरू होते. तीन महिने एका वहीत खर्च लिहून काढावा, आणि त्यात दूध, पाव, मासळी, वीजबिल, गॅस, औषधे, पेट्रोल हे सगळे यावे. त्यानंतर त्याच वहीच्या मागच्या पानावर वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहावेत, कारण हिशेब चुकतो तो नेमका तेथेच. चवथीचा खर्च, गावच्या देवस्थानातील जत्रा, घरपट्टी, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, पावसाळ्यापूर्वी कौले परतणे आणि नातेवाइकांच्या घरची लग्ने या सगळ्यांची बेरीज करून बाराने भागावी. माझ्यासमोर बसून ही बेरीज करणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी सुरुवातीला महिन्याला ३०,००० रुपये पुरतात असे सांगितले होते. मागचे पान भरल्यावर तो आकडा ४१,००० वर गेला, आणि त्यात घराच्या पश्चिमेकडील भिंतीला दर दोन वर्षांनी लागणारा रंग त्यांनी धरलाच नव्हता.

दुसरी गोष्ट महागाईची. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के असून त्यास खाली-वर २ टक्क्यांची मुभा आहे. घरखर्चाच्या आखणीत ६ टक्के धरणे शहाणपणाचे, कारण साठीनंतरच्या खर्चात औषधोपचाराचा वाटा वाढत जातो. ६ टक्क्यांनी वाढणारा खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज महिन्याला ५०,००० रुपये लागत असतील, तर वीस वर्षांनी त्याच राहणीला सुमारे १,६०,००० रुपये लागतील. साठीला निवृत्त झालेल्या जोडप्यापैकी एक जण तरी नव्वदीपर्यंत असेल असे धरूनच आखणी करावी.

जमा रकमेतून दरवर्षी किती काढता येईल, याविषयी ४ टक्क्यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तो मांडला: पहिल्या वर्षी ४ टक्के काढावेत, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईनुसार वाढवावी, म्हणजे पैसे तीस वर्षे पुरतात. तो तेथील बाजाराच्या आणि तेथील महागाईच्या इतिहासावर बेतलेला आहे, म्हणून आपल्याकडे तो वरची मर्यादा समजून वापरावा. पेन्शन आणि इतर पक्के उत्पन्न वजा केल्यावर उरणारी वार्षिक तूट जमा रकमेच्या ४ टक्क्यांच्या आत असेल तर आखणी सोपी जाते. ती ६ टक्क्यांच्या पुढे गेली, तर कोणत्याही हुशार वाटणीने ती भरून निघत नाही. तेव्हा एक तर खर्च कमी करावा किंवा आणखी दोन-तीन वर्षे काम करावे.

मला पीएफची पेन्शन मिळणार आहे. ती पुरणार नाही का?

नाही. कर्मचारी पेन्शन योजनेचे सूत्र पाहिले की उत्तर मिळते. पेन्शनसाठी धरले जाणारे वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. तीस वर्षांच्या सेवेला हा आकडा सुमारे ६,४०० रुपये येतो, आणि सप्टेंबर २०१४ पूर्वी वेतनाची मर्यादा ६,५०० रुपयेच असल्यामुळे जुन्या कर्मचाऱ्यांच्या हाती त्याहूनही कमी पडतात. शिवाय ही पेन्शन महागाईनुसार वाढत नाही.

जुनी सरकारी पेन्शन असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ती महागाई भत्त्यासह वाढत असल्याने पोर्टफोलिओतील मोठा सुरक्षित भाग जणू आधीच त्यांच्या हाती असतो, आणि उरलेल्या पैशात ते इतरांपेक्षा अधिक जोखीम घेऊ शकतात. गंमत अशी की प्रत्यक्षात तेच सर्वांत जास्त भित्रे असतात. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रक्कम वार्षिकीत, म्हणजे आजीवन पेन्शन देणाऱ्या विमा करारात, गुंतवावी लागते. बिगरसरकारी सभासदांसाठी ही सक्ती डिसेंबर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आणण्यात आली.

सगळे पैसे मुदत ठेवीत ठेवले तर बिघडले कुठे?

पहिली पाच वर्षे काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ही सवय मोडणे कठीण जाते. व्याज वेळेवर येते आणि मुद्दल जसेच्या तसे दिसते. मात्र आठव्या-दहाव्या वर्षी तेच व्याज अपुरे पडू लागते, मग मुद्दलाला हात लागतो, आणि मुद्दल घटले की व्याजही घटते. वयाच्या पंचाहत्तरीत हे चक्र सुरू झाले, तर ते थांबवण्याचे उपाय फारसे उरलेले नसतात.

ठेवी कोठे आहेत हेही पाहिले पाहिजे. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे, त्यापूर्वी ती १ लाख होती. गोव्यात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये, कारण म्हापसा आणि मडगाव येथील एकेका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने अनुक्रमे २०२० आणि २०२१ मध्ये रद्द केला आणि त्यापूर्वी ठेवीदारांना पैसे काढण्यावरील निर्बंधांमध्ये बराच काळ काढावा लागला. ५ लाखांच्या आतील ठेवीदारांना विम्याचा आधार मिळाला. ज्यांनी जन्मभराची पुंजी एकाच पासबुकात ठेवली होती, त्यांची स्थिती वेगळी होती. पतसंस्था तर या विम्याच्या कक्षेतच येत नाही. अर्धा-एक टक्का जादा व्याज देणाऱ्या पतसंस्थेचे अध्यक्ष आपल्या वाड्यावरचेच आहेत, हे ठेव सुरक्षित असल्याचे कारण होऊ शकत नाही.

मग प्रत्यक्ष वाटणी कशी करावी? एखादे उदाहरण द्याल का?

कुंडई औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त होणारे एक गृहस्थ आणि त्यांची सत्तावन्न वर्षांची पत्नी असे काल्पनिक जोडपे घेऊ. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही, मुलगी नोकरीला आहे. फंडाचे, ग्रॅच्युइटीचे आणि जुन्या ठेवींचे मिळून ८० लाख रुपये हाती आहेत. महिन्याचा खर्च, मागच्या पानासह, ४५,००० रुपये आहे. पीएफची पेन्शन ४,००० रुपये येते आणि लहानशा कुळागरातील, म्हणजे बागायतीतील, सुपारीचे सरासरी १०,००० रुपये धरता येतात. म्हणजे तूट महिन्याला ३१,००० रुपये, वर्षाला ३,७२,००० रुपये, अर्थात ८० लाखांच्या सुमारे ४.६५ टक्के. हे प्रमाण जरा जास्त आहे, पण हाताबाहेरचे नाही.

सर्वप्रथम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपये ठेवावेत. एका व्यक्तीसाठी हीच कमाल मर्यादा असून २०२३ मध्ये ती १५ लाखांवरून वाढवण्यात आली. ८.२ टक्के दराने दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये पडतात. मुदत पाच वर्षांची आहे आणि ती पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. एकदा गुंतवल्यावर दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. त्यानंतर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या संयुक्त नावाने १५ लाख रुपये ठेवावेत. ७.४ टक्के दराने महिन्याला ९,२५० रुपये मिळतील. या दोन्हींचे मिळून २९,७५० रुपये झाले आणि तूट जवळजवळ भरून निघाली.

उरले ३५ लाख. त्यातील ५ लाख अडीअडचणीसाठी आणि रुग्णालयासाठी बँकेच्या ठेवीत, हवे तेव्हा मोडता येतील अशा लहान लहान पावत्यांमध्ये ठेवावेत. महिन्याचे कमी पडणारे हजार-बाराशे रुपये याच ठेवींच्या व्याजातून निघतात. आणखी ५ लाख एक ते तीन वर्षांच्या ठेवींत किंवा अल्पमुदतीच्या रोखे फंडात ठेवावेत. शेवटचे २५ लाख, म्हणजे एकूण रकमेच्या सुमारे ३१ टक्के, शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडांत जावेत आणि त्यांना किमान सात-आठ वर्षे हात लागू नये. ते एका दिवसात गुंतवू नयेत. लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या काळासाठी पैसे ठेवण्याच्या फंडात, ठेवून तेथून दरमहा ठरावीक रक्कम वळवत दीड वर्षात काम पूर्ण करावे.

या २५ लाखांची गरज का आहे, ते पाचव्या वर्षी कळते. तेव्हा ४५,००० चा खर्च ६ टक्के वाढीने ६०,२०० च्या घरात गेलेला असतो, आणि पोस्टातून येणारे २९,७५० रुपये मात्र तेवढेच असतात. वाढलेल्या १५,००० रुपयांची सोय कोठून तरी करावी लागते. पत्नीला साठ वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या नावाने ज्येष्ठ नागरिक योजनेचे स्वतंत्र खाते उघडता येते, त्या सुमारास मासिक योजनेची मुदतही संपत आलेली असते, आणि वाढलेल्या फंडातील काही भाग दरवर्षी काढून या नव्या खात्यात वळवता येतो. सुपारीचे १०,००० मी मुद्दाम सरासरीने धरले आहेत. पावसाळ्यात सुपारीवरील कोळे रोगाने बाग धरली तर त्या वर्षी त्यातील निम्मेही हाती येणार नाहीत, आणि तेव्हा त्या लहान पावत्या कामास येतात.

साठीनंतर शेअर बाजार म्हणजे जुगार नव्हे का?

उद्याच्या घरखर्चाचे पैसे बाजारात घातले तर तो जुगारच होईल. दहा वर्षांनंतरच्या खर्चाचे पैसे बाजारात न घालणे हीसुद्धा एक जोखीम आहे. ती कागदावर दिसत नाही, एवढेच. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१,००० च्या वर होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ९,००० च्या खाली आला, आणि पुन्हा २१,००० पाहण्यासाठी २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. २०२० मध्ये जानेवारीतील ४२,००० वरून २३ मार्चला तो २६,००० च्या खाली घसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४७,००० च्या पुढे गेला. दोन्ही वेळा ज्यांना त्या काळात पैसे काढावे लागले, नुकसान त्यांचे झाले.

निवृत्त माणसाच्या दृष्टीने पडझड किती झाली यापेक्षा ती कधी झाली हे अधिक महत्त्वाचे आहे. समजा २५ लाखांचे ४० टक्के घसरणीने १५ लाख झाले. मूळ जागी येण्यासाठी त्यांना सुमारे ६७ टक्के वाढावे लागेल. त्याच सुमारास घरखर्चासाठी ३ लाख काढले, तर उरलेल्या १२ लाखांना दुपटीहून अधिक वाढावे लागते. निवृत्तीची पहिली पाच-सहा वर्षे म्हणूनच सर्वांत नाजूक असतात, आणि वरील उदाहरणात तेवढ्या वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवण्यामागे हेच कारण आहे.

कोणता फंड घ्यावा? निफ्टी ५० सारख्या निर्देशांकाचा कमी खर्चाचा एक फंड आणि हवा असल्यास शेअर आणि रोखे दोन्हींत गुंतवणारा एक संतुलित फंड एवढे पुरे. चौदा-चौदा फंडांची यादी घेऊन येणाऱ्यांना मी प्रथम त्यातील कोणते दोन सारखेच आहेत ते शोधायला सांगतो. बहुधा सात-आठ निघतात.

आमच्याकडे भाट (माडांची बाग) आहे, कुळागर आहे, दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. मग पोर्टफोलिओची गरज काय?

गोव्यात कागदावर कोट्यधीश आणि हातात पंधरा हजार अशी स्थिती फार घरांत आहे. सत्तर लाखांचा फ्लॅट महिन्याला १५,००० रुपये भाड्याने दिला, तर वर्षाला १,८०,००० रुपये येतात, म्हणजे अडीच टक्क्यांच्या जरा वर. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे दोन महिने आणि पावसाळ्यानंतरची ओल काढण्याचा खर्च वजा करावा लागतो. जमिनीची किंमत वाढते हे खरे, पण रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

वडिलोपार्जित जमिनीचे दुखणे याहून जुने आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारसांपैकी एक मुंबईत, एक लिस्बनमध्ये, एकाशी बोलणे बंद आणि जागेत मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत वस्ती करून राहणाऱ्याचे, घर, अशा मालमत्तेची विक्री पाच वर्षांत होईल असे गृहीत धरून कोणीही आपला म्हातारपणाचा हिशेब मांडू नये. माझे मत असे की राहते घर पोर्टफोलिओत धरूच नये, वादातील जमीन शून्य धरावी, आणि भाड्याच्या फ्लॅटचे केवळ निव्वळ भाडे उत्पन्नात धरावे. दोन फ्लॅट असतील आणि हाती रोकड नसेल, तर पासष्टीच्या आत, घाई नसताना, त्यातील एक विकण्याचा गांभीर्याने विचार करावा.

सगळी पुंजी एकाच व्यवसायात अडकली म्हणजे काय होते, ते डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांनी २०१२ मध्ये पाहिले. खाणी बंद झाल्या तेव्हा ज्यांचे उत्पन्न ट्रकवर, बचत दुसऱ्या ट्रकच्या हप्त्यात आणि भाडे खाणीवरच्या कामगारांकडून येत होते, त्यांचे तिन्ही झरे एकाच महिन्यात आटले. २०१८ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. आज हाच धोका किनारी भागात पर्यटकांच्या खोल्यांवर सर्वस्व लावणाऱ्यांना आहे.

कर वाचवण्यासाठी ठेवी पत्नीच्या नावावर कराव्यात का?

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांपैकी गोव्यात सर्वांत निरुपयोगी ठरणारा सल्ला हाच. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या येथील कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. सिव्हिल रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या की दोघांचा प्रत्येक गोष्टीत निम्मा वाटा. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ५अ मध्ये याचीच दखल घेतलेली आहे आणि नव्या प्राप्तिकर कायद्यातही ती तरतूद कायम ठेवण्यात आली आहे. पगाराखेरीजचे उत्पन्न, म्हणजे व्याज, घरभाडे, भांडवली नफा आणि व्यवसायाचे उत्पन्न, दोघांमध्ये निम्मे-निम्मे विभागून प्रत्येकाने आपल्या विवरणपत्रात दाखवावयाचे असते. पगार विभागला जात नाही, आणि नोकरीची पेन्शन पगारातच मोडत असल्याने तीही विभागली जात नाही. ठेव कोणाच्याही नावावर असो, हिशेब तोच राहतो.

याचा परिणाम किती होतो ते पाहा. एका निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शन वर्षाला ८ लाख आणि व्याज ७ लाख आहे, पत्नीचे स्वतःचे उत्पन्न नाही. विभागणी न करता त्यांनी १५ लाख दाखवले, तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १४,२५,००० वर नव्या करप्रणालीनुसार उपकरासह ९७,५०० रुपये कर होतो. कलम ५अ नुसार व्याजाचे साडेतीन लाख पत्नीकडे गेले की त्यांचे करपात्र उत्पन्न १०,७५,००० राहते. ते १२ लाखांच्या आत असल्याने करसवलतीमुळे कर शून्य, आणि पत्नीचे साडेतीन लाख मूळ सवलतीच्या मर्यादेतच आहेत. ९७,५०० रुपये वाचले, तेही कोणतीही नवी गुंतवणूक न करता.

ही विभागणी ऐच्छिक नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ती कायद्यानेच लागू आहे. त्यासाठी आयटीआर-२ मधील अनुसूची ५अ भरावी लागते, जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो, आणि बँकेने कापलेल्या टीडीएसचे श्रेयही त्याच प्रमाणात विभागावे लागते. आयटीआर-१ चा सोपा फॉर्म येथे चालत नाही. नोकरीनिमित्त सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून येऊन केवळ वास्कोत फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला मात्र हा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यामुळे शंका असल्यास स्थानिक सनदी लेखापालास विचारावे.

आजारपणासाठी किती वेगळे ठेवावे?

आरोग्य विमा असेल तर पाच लाख, नसेल तर त्याच्या दुप्पट. गोव्यात पाच वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या कुटुंबांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिच्यात तीन जणांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाखांचे आणि मोठ्या कुटुंबास चार लाखांचे संरक्षण मिळते. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांचे संरक्षण २०२४ पासून उपलब्ध आहे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालयही आहेच. हे सारे असूनही खासगी विमा शक्यतो नोकरीत असतानाच घ्यावा, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. कंपनीचा समूह विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो आणि मधुमेह मात्र तसाच राहतो. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

बँकेतील अधिकाऱ्यांनी 'एफडीपेक्षा चांगली' अशी एक योजना सुचवली आहे. घ्यावी का?

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर 'हप्ता' आणि 'विमा राशी' हे शब्द आहेत का, ते आधी पाहावे. माझ्या नात्यातील एक काकू आपली मुदत संपलेली ठेव नवी करण्यासाठी बँकेत गेल्या आणि दोन लाखांचा वार्षिक हप्ता पाच वर्षे भरण्याच्या विमा पॉलिसीवर सही करून परत आल्या. त्या वेळी त्यांचे वय अडुसष्ट होते आणि पुढच्या वर्षीचे दोन लाख कोठून येणार, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. पॉलिसीचा लिफाफा टपालाने आला तो त्यांनी देवघराच्या कपाटात ठेवून दिला, आणि मी तो उघडला तेव्हा पॉलिसी परत करण्याची मुदत टळून गेली होती. ही मुदत आता पॉलिसी हाती पडल्यापासून तीस दिवसांची आहे. तिचा उपयोग करावा, आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी.

वार्षिकीबद्दलही असाच प्रश्न येतो. घेतल्या दिवशीचा दर आयुष्यभर बांधून मिळतो हा तिचा फायदा, आणि साध्या वार्षिकीत ती रक्कम वाढत नाही हा तोटा. साठीपेक्षा सत्तरीनंतर घेतल्यास दर अधिक मिळतो. मुलेबाळे नसलेल्या किंवा हिशेब सांभाळण्याचा कंटाळा असलेल्या व्यक्तीने थोडा भाग तेथे ठेवण्यास हरकत नाही.

सोने?

अंगावरचे दागिने गुंतवणुकीत धरू नयेत, कारण ते कोणी विकत नाही. त्याव्यतिरिक्त पाच ते दहा टक्के पुरे, तेही गोल्ड ईटीएफच्या, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या सोन्याच्या फंडाच्या, रूपात. सुवर्ण रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

मी बोटीवर काम करतो आणि लवकरच कायमचा परत येणार आहे. माझे नियम वेगळे आहेत का?

अनिवासी असताना पीपीएफचे किंवा ज्येष्ठ नागरिक योजनेचे नवे खाते उघडता येत नाही. परतल्यावर बँकेस कळवून एनआरई (अनिवासींचे) खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते आणि तेथून त्या व्याजाची करमुक्ती संपते. बोटीवर काम करणाऱ्यांना बहुधा पेन्शन नसते आणि ते पंचेचाळीस-पन्नाशीतच घरी येतात, म्हणजे त्यांच्या पैशाला चाळीस वर्षे पुरावे लागते. त्यांनी बाजारातील वाटा निम्म्याच्या जवळ ठेवावा. नेमके तेच परतल्या परतल्या सारी रक्कम बंगल्यात घालतात.

मुलाला फ्लॅटसाठी फंडातून पैसे द्यावेत का?

वरील उदाहरणातील जोडप्याने १५ लाख दिले, तर त्यांची तूट ४.६५ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर जाते. मुलाला गृहकर्ज मिळते, निवृत्तीसाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही. द्यायचेच असतील तर किती द्यायचे हे दोघांनी मिळून ठरवावे, कारण ते पैसे दोघांचे आहेत.

नॉमिनी नेमला की पुरे झाले ना?

नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक असतोच असे नाही. गोव्यात तर हे विशेष लक्षात ठेवावे. पतीच्या निधनानंतर सामाईक मालमत्तेतील निम्मा वाटा पत्नीचा स्वतःचाच असतो, तो वारशाने येत नाही. उरलेला निम्मा वारसांकडे जातो आणि मुले ही पहिली वारस असतात. मुले असताना मृत्युपत्राने आपल्या वाट्यातील निम्म्यापुरतीच मनाजोगी व्यवस्था करता येते. एखाद्या मुलाला सरसकट वगळता येत नाही. हे सर्व २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आहे. वाटणीवरून एकमत नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधील मालमत्तेच्या वाटणीची कार्यवाही, दाखल करावी लागते आणि तीत वर्षे जातात. एका मुलाला नॉमिनी करून 'तो बाकीच्यांना देईल' असे म्हणणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

व्यवहारात सर्वांत सोपा उपाय म्हणजे शक्य तेथे सर्व खाती दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने चालणारी ठेवणे. त्यामुळे मालकीचे प्रश्न सुटत नाहीत, पण पतीच्या निधनानंतर दुसऱ्याच महिन्यात वीजबिलासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

पोर्टफोलिओ किती वेळा तपासावा?

वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज जमा झाल्यावर. बाजारातील वाटा ठरवलेल्या प्रमाणापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वर गेला असेल तर तेवढा विकून ठेवींत आणावा. वर्षाला सव्वा लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे आणि त्यापुढे साडेबारा टक्के कर लागतो. गोव्यातील जोडप्याचा नफाही निम्मा-निम्मा विभागला जात असल्याने दोघांचे मिळून अडीच लाख करमुक्त होतात. तपासणीच्या वेळी पत्नीने शेजारी बसावे, आणि निदान एका वर्षाआड सर्व नोंदी तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहाव्यात. पासवर्ड, पावत्यांचे क्रमांक आणि टपाल कार्यालयातील खात्यांची यादी त्याच वहीत, खर्चाच्या पानांच्या पुढे लिहून ठेवावी, आणि ती वही कोठे असते हे मुलीलाही सांगून ठेवावे.